पाच मायक्रॉनचा घोळ

एप्रिल २०२० मध्ये बीड जिल्ह्याच्या हद्दीवर ऊसतोड कामगारांच्या गाड्या येऊन थांबू लागल्या. गाळप हंगाम संपला होता आणि टाळेबंदीमुळे लाखाहून अधिक मजूर राज्यभरच्या कारखान्यांच्या आवारात अडकले होते. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली आणि शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणीकडे कोयते परतू लागले. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. सोबत लेकरं, कोंबड्या, भांडी, सहा महिन्यांचा सगळा संसार. चेकपोस्टवर कपाळासमोर तापाची बंदूक धरली जाई, नावं लिहून घेतली जात. गावात शिरल्यावर त्यांच्याकडे लोक लांबूनच बघत. ज्यांना तुकडाभर जमीन होती ते शेतात राहिले, बाकीच्यांना झेडपीच्या शाळेत मुक्काम मिळाला.

तेव्हा जिल्ह्यात आजार जवळपास नव्हताच. आष्टी तालुक्यातला एक रुग्ण सापडला होता, त्याच्यावर नगरला उपचार झाले. त्यानंतर मे महिन्याच्या मध्यापर्यंत बीडचा आकडा हलला नाही. या दिवसांत गावोगाव लोकांनी हातात होतं ते सगळं केलं. वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या. डाळिंबाच्या बागेत औषध मारायचे ट्रॅक्टरचे फवारे गल्लीत आणून सोडियम हायपोक्लोराइट मारलं. भाजी मिठाच्या पाण्यात धुतली, नोटा उन्हात ठेवल्या, दाराच्या कड्या पुसल्या. कष्टात कुणीच कमी पडलं नाही. पण या सगळ्या मेहनतीमागे एक समजूत होती: हा विषाणू जमिनीवर, वस्तूवर, हातावर असतो, आणि हवेत असलाच तर खोकणाऱ्यापासून दोन हातांवर खाली पडतो. ही समजूत बीडच्या लोकांची नव्हती. ती जगातल्या सर्वोच्च आरोग्य संस्थांकडून पायरीपायरीने खाली उतरत वेशीपर्यंत आली होती. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठामपणे जाहीर केलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही.

हे विधान चुकीचं होतं. ते चुकीचं ठरू शकतं याचा पुरावा मात्र अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका रुग्णालयाच्या गच्चीवर साठ वर्षांपूर्वीच जमा झाला होता.

ही गोष्ट विल्यम वेल्स या माणसाची आहे. तो डॉक्टर नव्हता, सांडपाण्याचा आणि स्वच्छतेचा अभियंता होता. त्याची बायको मिल्ड्रेड वेल्स डॉक्टर होती आणि साथींच्या आकडेवारीत मुरलेली होती. १९३० च्या सुमारास हे दोघं हार्वर्डमध्ये एका प्रश्नाशी झुंजत होते: माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा तोंडातून उडालेल्या थेंबांचं पुढे काय होतं? १९३४ मध्ये वेल्सने त्याचं उत्तर एका आलेखात मांडलं. थेंब मोठा असेल तर तो सुकण्याआधी जमिनीवर पडतो. लहान असेल तर पडण्याआधीच सुकतो, आणि त्यातला उरलेला सूक्ष्म कण जंतू पोटात घेऊन तरंगत राहतो. दोन्हींच्या मधली सीमा त्याच्या हिशेबात साधारण १०० मायक्रॉनची होती, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. त्याहून लहान असलेलं सगळं हवेत राहू शकतं.

त्या काळात हे बोलणं धाडसाचं होतं. एकेकाळी लोक म्हणत, घाणेरड्या वासाने आणि दूषित हवेने रोग होतात. जंतूंचा शोध लागला आणि ती कल्पना मोडीत निघाली. अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चेपिन यांनी १९१० मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहून पटवून दिलं की रोग पसरतो तो स्पर्शाने आणि अगदी जवळच्या थेंबांनी. हवेची भीती लोकांच्या डोक्यातून काढली नाही तर ते हात धुणार नाहीत. चेपिन यांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्या शिकवणीने अनेक जीव वाचले. पण त्यांच्या नंतरच्या दोन पिढ्यांतल्या डॉक्टरांना ‘हवेतून’ हा शब्द ऐकला की जुन्या अंधश्रद्धेचा वास येऊ लागला. वेल्स दांपत्याला याच भिंतीवर डोकं आपटावं लागलं.

त्यांनी शाळेचा प्रयोग केला. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधल्या वर्गांत छताजवळ अतिनील किरणांचे दिवे लावले. मुलांच्या डोक्यावरून वर जाणारी हवा त्या किरणांतून जाई आणि तिच्यातले जंतू मरत. १९४१ मध्ये गोवराची मोठी साथ आली. ज्या वर्गांत दिवे नव्हते तिथे गोवर न झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक आजारी पडली. दिव्यांच्या वर्गांत हे प्रमाण शंभरात पंधराच्याही खाली राहिलं. मुलं तशीच, बाकं तशीच, एकमेकांना लागणारे हातही तसेच. बदलली होती फक्त हवा.

पुढे इतर गावांत असेच दिवे लावले गेले तेव्हा मात्र निकाल डळमळला. मुलं वर्गाबाहेरही एकमेकांना भेटत होती, शाळेच्या बसमध्ये दाटीवाटीने बसत होती, आणि तिथल्या हवेवर किरण नव्हते. प्रयोगाची ही मर्यादा होती, सिद्धान्ताची नव्हे. पण विरोधकांना एवढं पुरलं. वेल्स मागे पडला.

म्हातारपणी त्याने शेवटचा डाव मांडला. रिचर्ड रायली हा त्याचा विद्यार्थी आता बाल्टिमोरमध्ये डॉक्टर होता. दोघांनी मिळून तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सहा खाटांचा क्षयरोगाचा कक्ष घेतला. त्या कक्षातून बाहेर पडणारी सगळी हवा नळीने वर गच्चीवरच्या एका बंद खोलीत नेली आणि तिथे दीडशेच्या आसपास गिनीपिग ठेवले. खालच्या रुग्णांचा आणि वरच्या प्राण्यांचा संबंध फक्त हवेचा. एकही हात, एकही भांडं, एकही कपडा दोन्हीकडे जात नव्हता. मग ते वाट बघत बसले. दर महिन्याला प्राण्यांची चाचणी व्हायची. दोन वर्षांत ७१ गिनीपिगना क्षयाची लागण झाली, म्हणजे सरासरी दर दहा दिवसांना एक. त्यातल्या अनेकांच्या अंगातले जंतू खालच्या नेमक्या कुठल्या रुग्णाचे हेही औषधांना दाद न देण्याच्या त्यांच्या खुणांवरून ओळखता आलं.

तरी शंका आलीच: पाण्यातून, चाऱ्यातून लागण झाली नसेल कशावरून? मग प्रयोग पुन्हा केला. आता गच्चीवर दोन खोल्या होत्या. एकीत कक्षातली हवा जशीच्या तशी, दुसरीत तीच हवा वाटेत अतिनील किरणांतून गाळून. पाणी तेच, चारा तोच. पहिल्या खोलीतले प्राणी आजारी पडत राहिले. दुसऱ्या खोलीत एकालाही लागण झाली नाही. १९६२ पर्यंत हे काम पूर्ण झालं. १९६३ मध्ये वेल्स गेला.

मला हा प्रयोग वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. इतकी सरळ मांडणी, इतका स्वच्छ निकाल, आणि त्यामागे तीस वर्षं हेटाळणी सोसलेला माणूस. क्षय हवेतून पसरतो हे जगाने त्यानंतर मानलं. पण मानताना एक घोळ झाला, आणि त्याची किंमत पुढच्या शतकाने मोजली.

क्षयाचा जंतू रोग करतो तो फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचला तरच. तिथवर जायला कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असावा लागतो. मोठा कण नाकात, घशातच अडकतो. अमेरिकेच्या साथरोग केंद्राचे मुख्य साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्युर आणि त्यांच्या वर्तुळात हा ५ चा आकडा ठसला. क्षयापुरता तो बरोबरही होता. हळूहळू मात्र फुप्फुसात खोल शिरणाऱ्या कणाची मर्यादा आणि हवेत तरंगणाऱ्या कणाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या. वेल्सचा १०० गळाला, ५ उरला. पाठ्यपुस्तकांत छापून आलं: ५ मायक्रॉनपेक्षा मोठा थेंब एक-दोन मीटरवर खाली पडतो. डॉक्टरांच्या पिढ्या हे वाक्य घोकून उत्तीर्ण झाल्या. आपल्याकडचेही.

खरं तर ५ मायक्रॉनचा कण शांत हवेत दीड मीटर उंचीवरून खाली यायला अर्धा तास लावतो. आणि खोलीतली हवा कधी शांत नसते.

ही गडबड पहिल्यांदा नीट दिसली ती लिन्सी मार यांना. त्या व्हर्जिनिया टेकमध्ये हवेतल्या कणांचा अभ्यास करतात. वैद्यकीय पुस्तकांतला ५ चा आकडा वाचून त्या चक्रावल्या, कारण भौतिकशास्त्राच्या हिशेबात तो कुठेच बसत नव्हता. ३ एप्रिल २०२० रोजी ब्रिस्बेनच्या लिडिया मोराव्स्का यांच्या पुढाकाराने हवेतल्या कणांवर काम करणारे शास्त्रज्ञ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांशी दूरस्थ बैठकीत बोलले. त्यांनी कळकळीने मांडणी केली. पण संघटनेचा भर हात धुण्यावरच राहिला. मग मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटी रँडल या तरुण संशोधिकेला त्या आकड्याचा माग काढायला बसवलं. टाळेबंदीत ग्रंथालयं बंद असताना रँडल यांनी जुनी पुस्तकं आणि अहवाल एकामागून एक उलगडत नेले आणि त्या वेल्सपर्यंत, लँगम्युरपर्यंत पोचल्या. सहा दशकं जुनी नजरचूक सापडली.

तोवर साथीनेच साक्षी द्यायला सुरुवात केली होती. चीनमधल्या ग्वांगझू शहरात २४ जानेवारी २०२० रोजी एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवायला बसली. एक कुटुंब वुहानहून आलं होतं. पुढच्या काही दिवसांत तिन्ही कुटुंबांतली मिळून दहा माणसं आजारी निघाली. इतर टेबलांवरचं एकही गिऱ्हाईक नाही, वाढणारेही नाहीत. हाँगकाँगचे संशोधक यूगुओ ली यांनी कॅमेऱ्यातलं चित्रण तपासलं. अनोळखी कुटुंबांचा एकमेकांशी जवळचा संपर्क फारसा आलाच नव्हता. मग त्यांनी त्या जागेत खुणेचा वायू सोडून हवेचा प्रवास मोजला. एसी त्या तीन टेबलांवरची हवा गोल गोल फिरवत होता आणि बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर येत होती.

दुसरी साक्ष अमेरिकेतल्या स्कॅजिट खोऱ्यातल्या गायकवृंदाची. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी ६१ जण अडीच तास सरावाला बसले. दारात हात निर्जंतुक करायचं औषध होतं, कुणी कुणाला मिठी मारली नाही. त्यांतले ५३ जण आजारी पडले, दोघं दगावले. ही बातमी मी वाचली तेव्हा डोळ्यांसमोर आपला अखंड हरिनाम सप्ताह आला: रात्रभर टाळ-मृदंगाच्या गजरात घसा मोकळा करून गाणारे भजनी, थंडीचे दिवस असतील तर चारही बाजूंनी बांधलेलं कापड. गाताना माणूस नुसता बोलतो त्याच्या कितीतरी पट कण हवेत सोडतो. मोकळ्या मैदानातलं कीर्तन आणि बंद सभागृहातलं कीर्तन यांत विषाणूच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ‘दोन हातांचं अंतर ठेवा’ या सूचनेत तो फरक कुठेच नव्हता.

चुलीचा धूर आठवला की हे लगेच कळतं. कोपीचं, म्हणजे झोपडीचं, दार लावून चूल पेटवली तर कोपऱ्यात बसलेल्याच्याही डोळ्यांत पाणी येतं. तीच चूल बाहेर उघड्यावर मांडली तर हातभर अंतरावरही फारसं जाणवत नाही. श्वासातून निघणारे कण धुरासारखेच वागतात, फक्त दिसत नाहीत.

जुलै २०२० मध्ये मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने उघड पत्र लिहिलं: हवेतून होणाऱ्या प्रसाराची दखल घ्या. आपल्याकडे हैदराबादची सीसीएमबी आणि चंडीगडची इमटेक या संस्थांनी कोविड रुग्णालयांतली हवा यंत्रात ओढून तपासली आणि तिच्यात विषाणू सापडला. अतिदक्षता कक्षात सापडला, साध्या कक्षातही सापडला. एका खोलीत रुग्ण जितके जास्त, तितकी तो सापडण्याची शक्यता जास्त. पण प्रयोगशाळेतून निघालेलं ज्ञान तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि विषाणूने तेवढा वेळ दिला नाही.

२०२१ चा मार्च उजाडला आणि मराठवाड्यात दुसरी लाट शिरली. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय ग्रामीण भागासाठी उभं राहिलेलं. बीडसोबत शेजारच्या जिल्ह्यांचीही भिस्त त्याच्यावर. लोखंडी सावरगावच्या इमारतीतही कोविड रुग्णालय चालू होतं. खाटा भरल्या, प्राणवायूची ओढाताण सुरू झाली. ६ एप्रिलला अंबाजोगाईत स्मशानभूमीत जागा अपुरी पडली म्हणून आठ जणांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला. महिनाअखेर एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह न्यावे लागले. ते छायाचित्र देशभर पोचलं. त्या माणसांच्या घरी आजही कुणीतरी विचारत असेल की आपण सगळं धुतलं होतं, पुसलं होतं, मग हा आजार घरात शिरला कुठून?

योगायोगाने त्या चितेच्याच आठवड्यात, ५ एप्रिल २०२१ ला, अमेरिकेच्या साथरोग केंद्राने जाहीर केलं की विषाणू लागलेल्या वस्तूला एकदा हात लावण्यातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. ३० एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर गाजावाजा न करता बदलला आणि बंद, कोंदट जागेत हवेतले कण दूरवर लागण करू शकतात हे मान्य केलं. २० मे २०२१ ला भारत सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांच्या कार्यालयाने सोप्या भाषेत पत्रक काढलं: सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघडा, पंख्याचं तोंड असं ठेवा की घरातली हवा बाहेर जाईल. अंबाजोगाईच्या त्या चितेनंतर सहा आठवड्यांनी.

हा उशीर मला सलतो. टाळेबंदीच्या पहिल्याच महिन्यात ‘खिडकी उघडा’ हे दोन शब्द जर ‘हात धुवा’च्या बरोबरीने दवंडीत आले असते, तर लोकांनी ते हात धुण्याइतक्याच निष्ठेने पाळले असते. हायपोक्लोराइटच्या टाक्यांना लागलेले पैसे कक्षांतल्या एक्झॉस्ट पंख्यांना लावता आले असते. शेतात राहायला गेलेला ऊसतोड मजूर नकळत सर्वांत सुरक्षित जागी होता. धोका होता तो शाळेच्या बंद वर्गात दाटीने निजलेल्यांना, मंगल कार्यालयात पडदे लावून जेवायला बसलेल्यांना, आणि आजारी माणसाच्या उशाशी थंडी लागू नये म्हणून खिडकी लावून बसलेल्या नातेवाइकांना.

आणि ही गोष्ट कोविडबरोबर संपत नाही. गोवर, क्षय, फ्लू, सगळे याच वाटेने येतात. पेरूच्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत संशोधक रॉड एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी हवा मोजली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. १९५० पूर्वीच्या जुन्या इमारतींत, जिथे छत उंच आणि खिडक्या मोठ्या, तिथली हवा दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या इमारतींत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या कक्षांत १२. गरीब देशाच्या जुन्या वास्तूंनी महागड्या यंत्रांना मागे टाकलं होतं. मराठवाड्यात नवीन बांधकामं होतात तेव्हा उन्हाचा विचार होतो, धुळीचा होतो. खिडकी लहान होत जाते, काच कायमची बंद होते, एसी बसतो. एप्रिलच्या बेचाळीस अंशांत खिडकी उघडी ठेवा म्हणणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच उंच झरोके, छताजवळची जाळी, हवा बाहेर ओढणारा पंखा या गोष्टी नकाशातच याव्या लागतील.

एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्वासातून पसरणाऱ्या रोगांची परिभाषा नव्याने लिहिली. थेंब आणि कण यांच्यातली ५ मायक्रॉनची रेघ काढून टाकली. वेल्सला जाऊन तेव्हा साठहून अधिक वर्षं झाली होती.

त्याआधीच, मार्च २०२१ मध्ये, याच संघटनेने हवेचे आकडेही दिले होते: शाळा, कार्यालय, सभागृहात माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा, आणि रुग्णालयाच्या साध्या कक्षात प्रत्येक रुग्णामागे ६० लिटर. ग्वांगझूच्या त्या हॉटेलात ती एक लिटर होती. वर्गातली हवा किती कोंदली आहे हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या एका छोट्या यंत्रावर कुठल्याही विज्ञानशिक्षकाला मुलांसमोर दाखवता येतं: बाहेर सुमारे ४२० पीपीएमचा आकडा, आणि दारं लावलेल्या भरल्या वर्गात तो बघता बघता हजाराच्या पुढे. दिवाळीनंतर कोयते पुन्हा कारखान्यांकडे निघतील, मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहांत आणि आजीपाशी राहतील. त्या वसतिगृहाच्या एका खोलीत किती मुलं निजतात आणि त्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत का, हे ग्रामसभेत विचारायला हवं आणि उत्तर लिहून घ्यायला हवं.